नवजात बाळाचा श्वास : वाचकांचे प्रश्न आणि बालरोगतज्ज्ञांची उत्तरे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे पहिल्या महिन्याभरातील बाळांच्या श्वासाविषयी होती, म्हणून या वेळचे संपूर्ण सदर त्याच विषयाला दिले आहे. पत्रांतील मजकूर संक्षिप्त केला असून नावे वगळली आहेत. ज्यांच्या घरी आत्ता, या क्षणी बाळाला धाप लागलेली आहे, त्यांनी मात्र हे सदर वाचत बसू नये. बाळाला आईच्या छातीशी धरून, वरून उबदार पांघरूण घालून, सरळ रुग्णालय गाठावे.

प्रश्न : माझी मुलगी बाळंतपणासाठी माहेरी आली आहे. नात बारा दिवसांची आहे. झोपेत ती भराभर श्वास घेते, मध्येच श्वास थांबल्यासारखा वाटतो आणि पुन्हा सुरू होतो. आम्ही मायलेकी आळीपाळीने रात्र जागून काढतो. शेजारच्या काकू म्हणतात की, बाळाला डबा, म्हणजे धापेचे दुखणे, झाला आहे. घाबरण्यासारखे काही आहे का?
— एक आजी, बार्शी

उत्तर : आजी, तुम्ही केलेले वर्णन बहुधा निरोगी बाळाचेच आहे. नवजात बाळाचा श्वास मोठ्या माणसाप्रमाणे एका लयीत चालत नाही, कारण श्वासावर नियंत्रण ठेवणारी मेंदूतील यंत्रणा अजून पुरती तयार झालेली नसते. काही श्वास घाईने, मग पाच ते दहा सेकंदांची विश्रांती आणि मग पुन्हा श्वास, हा क्रम झोपेत विशेष दिसतो. या विश्रांतीत बाळाचा रंग गुलाबी राहत असेल, अंग गळून जात नसेल आणि कुणी हलवल्याशिवाय श्वास आपोआप सुरू होत असेल, तर काळजीचे कारण नाही. हा विराम २० सेकंदांपेक्षा लांबला, किंवा त्याहून लहान असूनही बाळ निळे अथवा पांढरेफटक पडले, तर मात्र तसे एकदाच घडले असले तरी त्याच वेळी रुग्णालयात जावे.

श्वास मोजायला घरातील प्रत्येकाने शिकावे असे माझे आग्रहाचे सांगणे आहे, कारण अंदाजाने घाबरण्यापेक्षा आणि अंदाजाने निर्धास्त राहण्यापेक्षाही मोजणे चांगले. बाळ शांत असताना, शक्यतो झोपेत असताना, झबले वर सरकवून पोट आणि छातीचा खालचा भाग उघडा करावा आणि खोलीत पुरेसा उजेड असावा. पोट एकदा वर येऊन खाली गेले की एक श्वास धरावा. पूर्ण एक मिनिट मोजावे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याची पद्धत येथे उपयोगाची नाही, कारण मोजण्याच्या नेमक्या त्या पंधरा सेकंदांत विराम आला तर आकडा फसवा येतो. मिनिटाला साधारण ४० ते ६० श्वास ही या वयाची नेहमीची गती आहे. ६० किंवा त्याहून अधिक श्वास भरले, तर थोड्या वेळाने पुन्हा मोजावे आणि दुसऱ्यांदाही तेवढेच भरले, तर त्याच दिवशी बाळाला तपासून घ्यावे.

गतीइतकेच महत्त्व श्वासासाठी बाळाला किती कष्ट पडतात याला आहे. लहान बाळाची छाती मऊ असते, त्यामुळे फासळ्यांखाली किंचित खळगी पडणे नेहमीचे आहे. ती खळगी खोल आणि प्रत्येक श्वासाला दिसू लागली की ते दुखण्याचे लक्षण समजावे. नाकपुड्या फुलणे, दूध ओढताना मध्येच दमून स्तन सोडून देणे, अंग थंड पडणे किंवा तापणे, जीभ आणि ओठ निळसर होणे ही बाकीची लक्षणे होत. पहिल्या एक-दोन दिवसांत तळहात आणि तळपाय निळसर दिसतात, त्याला तेवढा अर्थ नाही. जिभेच्या रंगाला आहे. आणखी एक खूण घरच्यांच्या लक्षात येते, पण तिचा अर्थ सहसा कळत नाही. श्वास सोडताना बाळ दर वेळी कण्हल्यासारखा बारीक आवाज करते. ते कण्हणे वेदनेचे नसते. फुप्फुसातील हवा पूर्ण निघून जाऊ नये म्हणून बाळ स्वतःचा घसा अर्धवट मिटून घेत असते. असे कण्हणारे बाळ घरी ठेवू नये.

काकूंनी डबा म्हटले म्हणून तो उतरवून घेण्यासाठी बाळाला कुणाकडे नेऊ नका. काही भागांत अशा बाळाच्या पोटावर गरम सळईचे चटके देतात. मेळघाटात त्याला डंबा म्हणतात. श्वासाचे दुखणे त्याने हलतही नाही, उलट भाजलेल्या जागेतून जंतुसंसर्ग होतो आणि उपचाराचे मोलाचे तास वाया जातात. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा न्यूमोनिया हा नेहमीच गंभीर आजार मानला जातो आणि त्यावर रुग्णालयात ठेवून इंजेक्शनवाटे प्रतिजैविके द्यावी लागतात. या वयात न्यूमोनिया असूनही ताप नसणे अगदी शक्य आहे, हेही ध्यानात असू द्या.

प्रश्न : माझी प्रसूती एकतिसाव्या आठवड्यात झाली. बाळाचे वजन १४०० ग्रॅम होते. त्याला लगेच काचेत ठेवले, नाकात नळ्या लावून ‘सीपॅप’ दिला आणि काही तासांनी फुप्फुसात एक महागडे औषध सोडले. ते औषध डुकराच्या फुप्फुसापासून बनवतात असे नंतर कळले, तेव्हापासून सासूबाई अस्वस्थ आहेत. बाळ आता दोन महिन्यांचे असून घरी आहे. हे सगळे खरोखर आवश्यक होते का? त्याची फुप्फुसे कायमची कमजोर राहतील का?
— एक आई, ठाणे

उत्तर : आपल्या फुप्फुसात हवेच्या कोट्यवधी सूक्ष्म पिशव्या असतात आणि प्रत्येक पिशवीला आतून पाण्याचा पातळ थर असतो. ओल्या काचेच्या दोन पट्ट्या एकमेकींना चिकटल्या की सोडवता सोडवत नाहीत, तशा या पिशव्यांच्या भिंती प्रत्येक उच्छ्वासाबरोबर चिकटू पाहतात. तसे होऊ नये म्हणून फुप्फुसातील विशिष्ट पेशी सर्फॅक्टंट नावाचा स्निग्ध पदार्थ तयार करतात. गर्भात तो पुरेशा प्रमाणात तयार व्हायला साधारण ३४-३५ आठवडे लागतात. तुमचे बाळ त्याच्या आधी आले. अशा बाळाला प्रत्येक श्वास हा पहिल्या श्वासाइतकाच जड जातो, कारण मिटलेल्या पिशव्या त्याला दर वेळी नव्याने उघडाव्या लागतात, आणि काही तासांत ते दमून जाते.

या आजाराचे कारण ठाऊक नव्हते तोवर त्यावर काहीच करता येत नव्हते. १९५९ मध्ये बॉस्टन येथे मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी या आजाराने दगावलेल्या बाळांच्या फुप्फुसांत सर्फॅक्टंटची कमतरता असल्याचे दाखवून दिले. तरीही उपाय हाती यायला वेळ लागला. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला. त्याचे वजन दोन किलोंहून थोडे अधिक होते, म्हणजे तुमच्या बाळापेक्षा बरेच जास्त. बॉस्टनमधील उत्तमोत्तम डॉक्टर हाताशी होते, तरीही ३९ तासांत तो याच आजाराने गेला. त्या घटनेनंतर या विषयातील संशोधनाला वेग आला. १९७१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या जॉर्ज ग्रेगरी यांनी सीपॅपचे उपचार प्रसिद्ध केले आणि १९८० मध्ये जपानच्या तेत्सुरो फुजिवारा यांनी गायीच्या फुप्फुसापासून तयार केलेला सर्फॅक्टंट दहा बाळांना देऊन त्यांची प्रकृती सुधारल्याचे जाहीर केले. तुमच्या बाळाला जे मिळाले, ते या परंपरेतून आलेले आहे, आणि म्हणून ते आवश्यक होते का, या प्रश्नाला माझे उत्तर निःसंदिग्धपणे ‘होय’ असे आहे.

सीपॅप म्हणजे काय, हे जाणून घेण्याजोगे आहे. मागच्या उत्तरात ज्या कण्हण्याचा उल्लेख आला, तेच काम सीपॅप बाळासाठी बाहेरून करतो. नाकातील मऊ नळ्यांवाटे उबदार, दमट हवा सतत दाबाखाली आत जाते आणि श्वास सोडल्यानंतरही पिशव्या पूर्ण मिटत नाहीत. आपल्याकडे अनेक रुग्णालयांत वापरला जाणारा प्रकार अतिशय साधा आहे. नळीचे दुसरे टोक बाटलीतील पाण्यात पाच-सहा सेंटिमीटर बुडवलेले असते. जेवढी खोली तेवढा दाब. तुमच्या बाळाच्या शेजारी ती बुडबुडे येणारी बाटली कदाचित तुम्ही पाहिली असेल. बुडबुडे येत आहेत, याचा अर्थ दाब टिकून आहे, म्हणून तेथील परिचारिका येता-जाता त्या बाटलीकडे नजर टाकत असतात. कृत्रिम श्वसनयंत्राप्रमाणे यात घशात नळी घालून यंत्राने श्वास द्यावा लागत नाही, बाळ स्वतःच श्वास घेते, आणि त्यामुळे कोवळ्या फुप्फुसांना इजा कमी होते. नवजात बाळांच्या श्वसनोपचाराची गेल्या काही दशकांतील सारी दिशा अशीच, कमीत कमी बळ वापरण्याची आहे, आणि मला ती सर्वथा योग्य वाटते.

सीपॅपवर असूनही बाळाला लागणाऱ्या प्राणवायूचे प्रमाण साधारण ३० टक्क्यांच्या पुढे जाऊ लागले, तर सर्फॅक्टंट देतात. बारीक नळीने तो श्वासनलिकेत सोडतात आणि बऱ्याचदा तासाभरातच बाळाचा श्वास हलका झालेला दिसतो. उपलब्ध औषधे डुकराच्या किंवा वासराच्या फुप्फुसापासून काढलेली व शुद्ध केलेली असतात. सासूबाईंची अस्वस्थता मी समजू शकतो. हा त्यांच्या श्रद्धेचा भाग आहे आणि तिचा मान राखूनच हे लिहीत आहे. त्यांना एवढेच सांगावे की, हे अन्न नव्हते, तो प्राण वाचवण्यासाठी दिलेला उपचार होता, आणि त्या घडीला त्याच्या तोडीचे दुसरे औषध हाताशी नव्हते. वास्तविक, हे औषध देण्यापूर्वी त्याची माहिती कुटुंबाला द्यायला हवी होती. घाई असली तरी दोन वाक्ये बोलायला वेळ असतो.

आता पुढच्याविषयी. फुप्फुसात हवेच्या नव्या पिशव्या जन्मानंतरही काही वर्षे तयार होत राहतात, त्यामुळे या वयात झालेली उणीव बरीचशी भरून निघते. पहिली एक-दोन वर्षे सर्दी-खोकला झाल्यावर त्याला इतर मुलांपेक्षा अधिक त्रास होऊ शकतो. म्हणून घरात कोणीही विडी-सिगारेट ओढू नये, सर्दी झालेल्या पाहुण्यांनी बाळाला घेऊ नये, स्तनपान चालू ठेवावे आणि लसी जन्मतारखेप्रमाणेच द्याव्यात. बाळ कमी दिवसांचे होते म्हणून लसीकरण पुढे ढकलू नये. बाळाला उघड्या अंगाने छातीशी धरण्याची कांगारू पद्धत रुग्णालयात शिकवली असेलच. एक किलो ते १८०० ग्रॅमच्या दरम्यान वजन असलेल्या बाळांना जन्मल्यापासूनच, म्हणजे प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता, असे छातीशी ठेवल्यास मृत्यूचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने घटते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ मधील अभ्यासात आढळले. त्या अभ्यासात दिल्लीतील रुग्णालयही होते. तुमच्या बाळाला ही ऊब नको होईपर्यंत ती द्या.

तुमच्या पत्रात नसलेली एक गोष्ट मला विचारायची आहे : बाळाच्या डोळ्यांचा पडदा तपासला गेला का? प्राणवायू हे औषध आहे आणि त्याचीही मात्रा चुकू शकते. कमी दिवसांच्या बाळाच्या रक्तातील प्राणवायूची पातळी ९० ते ९५ टक्क्यांच्या दरम्यान ठेवण्यासाठी परिचारिका दिवसरात्र झटतात, ते यासाठीच. पातळी सतत त्याहून वर राहिली, तर डोळ्यांच्या पडद्यावरील रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढून अंधत्व येऊ शकते. आपल्या देशात ३४ आठवड्यांच्या आत किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या प्रत्येक बाळाची ही तपासणी जन्मानंतर ३० दिवसांच्या आत व्हावी, असा संकेत आहे. बाळ बाहेरून कितीही ठणठणीत दिसले, तरी हा दोष डोळ्याकडे पाहून कळत नाही. तपासणी झाली नसेल, तर या आठवड्याची वाट न पाहता उद्याच करून घ्या. वेळेत सापडल्यास लेसर किंवा इंजेक्शनच्या उपचाराने दृष्टी वाचवता येते.

प्रश्न : मला तिसावा आठवडा चालू आहे. रक्तदाब वाढल्यामुळे प्रसूती लवकर करावी लागेल असे डॉक्टर म्हणतात. बाळाच्या फुप्फुसांसाठी त्यांनी मला चार इंजेक्शने घ्यायला सांगितली आहेत. ती स्टेरॉइडची आहेत हे कळल्यावर घरचे नको म्हणत आहेत.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : इंजेक्शने जरूर घ्या आणि उशीर करू नका. न्यूझीलंडमधील ग्रॅहम लिगिन्स मेंढ्यांवर प्रयोग करत असताना, वेळेच्या फार आधी जन्मलेली आणि त्यांच्या मते जगू नयेत अशी कोकरे श्वास घेताना त्यांना आढळली. त्या कोकरांना गर्भात स्टेरॉइड मिळालेले होते. त्या सुताने जात त्यांनी आणि रॉस हॉवी यांनी गर्भवती स्त्रियांवर चाचणी केली व १९७२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. आईला दिलेले हे औषध वारेतून बाळापर्यंत पोहोचते आणि त्याच्या फुप्फुसांना लवकर परिपक्व करते. मेंदूतील रक्तस्रावाचा धोकाही त्याने कमी होतो. आपल्याकडे डेक्सामेथासोनची ६ मिलिग्रॅमची मात्रा दर बारा तासांनी, अशी चार वेळा देतात. औषध अत्यंत स्वस्त असून सरकारी रुग्णालयांत ते मोफत मिळते. प्रसूतीपूर्वी किमान एक दिवस आणि फार तर सात दिवस आधी ते दिले गेले, तर त्याचा सर्वाधिक लाभ होतो. एवढ्या अल्प काळ दिलेल्या स्टेरॉइडचा, वर्षानुवर्षे घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांच्या दुष्परिणामांशी संबंध जोडू नये. तुम्हाला मधुमेह असेल, तर मात्र त्या दिवसांत साखर वाढते. ती वरचेवर तपासून घ्या.

घरच्यांच्या भीतीत तथ्याचा जो अंश आहे, तोही सांगतो. नागपूर आणि बेळगाव ही केंद्रे सहभागी असलेल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात हे औषध गावपातळीवर सरसकट देण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा फायदा दिसला नाहीच, उलट एकूण बाळांचे मृत्यू काहीसे वाढलेले आढळले. गर्भाचे दिवस नीट ठाऊक नसल्याने, ज्यांची प्रसूती पुढे पूर्ण दिवसांनी झाली अशा पुष्कळ स्त्रियांना ते विनाकारण मिळाले होते. पुढे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीत सोनोग्राफीने दिवस पक्के करून, सुसज्ज रुग्णालयांत, लवकर प्रसूतीची खरी शक्यता असलेल्या स्त्रियांनाच औषध दिले, आणि तेव्हा नवजात बाळांचे मृत्यू स्पष्टपणे घटले. म्हणून पहिल्या तीन महिन्यांतील सोनोग्राफीचा अहवाल शोधून डॉक्टरांना दाखवा आणि प्रसूती जेथे आजारी नवजात बाळांचा कक्ष आहे अशाच रुग्णालयात होईल, याची आजच खात्री करून घ्या.

प्रश्न : पत्नीचे पहिले बाळंतपण सिझेरियनने झाले, दुसरेही तसेच होणार आहे. अडतिसावा आठवडा लागताच एक अतिशय शुभ मुहूर्त येतो आहे. सदतीस आठवडे पूर्ण झाले की बाळ पूर्ण दिवसांचे, असे आम्ही ऐकले आहे. मग अडचण काय?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : अडचण श्वासाची आहे. गर्भात फुप्फुसे हवेने नव्हे, तर द्रवाने भरलेली असतात. कळा सुरू झाल्या की आई आणि बाळ या दोघांच्या शरीरात संप्रेरकांची लाट येते आणि तिच्या प्रभावाने फुप्फुसे हा द्रव शोषून घेऊ लागतात. कळा सुरू होण्याआधीच बाळ बाहेर काढले, तर द्रव तसाच शिल्लक राहतो आणि बाळ मिनिटाला सत्तर-ऐंशी श्वास घेत धापा टाकू लागते. हा त्रास बहुतेकदा एक ते तीन दिवसांत ओसरतो, पण ते दिवस बाळ आईपासून दूर, नाकाला नळ्या लावलेल्या अवस्थेत काढते. काही बाळांचे दुखणे याहून बळावते.

यात एकेका आठवड्याचे मोल किती आहे, ते अमेरिकेत २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसते. आधी सिझेरियन झालेल्या, तातडीचे कारण नसताना पुन्हा ठरवून सिझेरियन केलेल्या तेरा हजारांहून अधिक स्त्रियांच्या बाळांची त्यात नोंद होती. श्वासाचा त्रास, साखर उतरणे, जंतुसंसर्ग, अतिदक्षता कक्षात दाखल करावे लागणे अशा गुंतागुंती सदतिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या १५.३ टक्के बाळांत आढळल्या, अडतिसाव्यात ११ टक्के बाळांत आणि एकोणचाळिसाव्यात ८ टक्के बाळांत. तेथील मोजणी पूर्ण झालेल्या आठवड्यांची आहे, म्हणजे तुमचा मुहूर्त यांपैकी पहिल्या गटात पडतो. आईला किंवा बाळाला वैद्यकीय धोका नसेल, तर ३९ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी ठरवून सिझेरियन करू नये. ३९ पूर्ण झाल्यानंतरच्या दिवसांत मुहूर्त काढून देण्याची विनंती गुरुजींना करा. मुहूर्त पाहण्याला माझा विरोध नाही. आणि कळा आधीच सुरू झाल्या, तर मात्र कोणत्याही मुहूर्तासाठी थांबू नका, लगेच रुग्णालयात जा.

प्रश्न : मी आशा स्वयंसेविका आहे. आमच्या पाड्यावर पावसामुळे रस्ता बंद असताना घरीच झालेले बाळ रडले नाही. दाईने त्याला उलटे धरून पाठीवर थापट्या मारल्या, कांदा फोडून नाकाशी धरला. बऱ्याच वेळाने ते रडले, पण रुग्णालयात पोहोचेपर्यंत थंडगार पडले होते. अशा वेळी काय करावे?
— एक आशाताई, नंदुरबार जिल्हा

उत्तर : ताई, तुमचे पत्र या सदरासाठी सर्वांत महत्त्वाचे आहे. साधारण दहा बाळांमागे एका बाळाला पहिला श्वास घेण्यासाठी काही ना काही मदत लागते, आणि ती पहिल्या एका मिनिटात मिळाली पाहिजे. उलटे धरणे, थापट्या मारणे, थंड पाणी शिंपडणे, कांदा हुंगवणे यांत तेच मिनिट खर्च होते. बाळ जन्मताच कोरड्या, उबदार फडक्याने जोर लावून, पण हळुवारपणे पुसावे. पुसण्यानेच अनेक बाळे रडतात. ओले फडके बाजूला टाकून दुसऱ्या कोरड्या फडक्यात गुंडाळावे. मान ना पुढे दुमडलेली, ना फार मागे झुकलेली, अशी ठेवावी. तोंडात घाण दिसत असेल तरच आधी तोंड व मग नाक साफ करावे. सरसकट सर्व बाळांच्या घशात नळी घालू नये. पाठ चोळावी, तळपायावर टिचकी मारावी. एवढे करूनही श्वास नसेल, तर पिशवी आणि मुखवट्याने, मिनिटाला ४० ते ६० वेळा, छाती जेमतेम उचलली जाईल एवढीच हवा द्यावी. पूर्ण दिवसांच्या बाळासाठी आरंभी साधी हवा पुरते. सिलिंडर नाही म्हणून हात बांधून बसण्याचे कारण नाही. २००९ पासून चालू असलेल्या नवजात शिशू सुरक्षा कार्यक्रमात प्रसूती करणाऱ्या परिचारिका व डॉक्टरांना हेच शिकवले जाते.

हे काम खेड्यात होऊ शकते का, अशी शंका पुष्कळांना येते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ते करून दाखवले आहे. ३९ गावांत त्यांनी गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवले. श्वास कोंडलेल्या बाळाला हवा देणे, श्वास मोजणे, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणे ही कामे त्यांनी घरोघरी केली आणि नवजात बाळांचा मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला; १९९९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांना मोठी संख्या मोजता येत नाही त्यांच्यासाठी, एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मणी एकत्र बसवलेले श्वास मोजण्याचे साधनही तेथेच तयार झाले. तुम्ही आज तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी ज्या गृहभेटी देता, त्यांचे मूळ या कामात आहे. त्या भेटीत श्वास मोजल्याशिवाय घराबाहेर पडू नका.

बाळ थंड पडू देणे ही वाटेतली सर्वांत मोठी चूक ठरते आणि ती टाळता येते. थंड पडलेले बाळ प्राणवायू अधिक खर्च करते, त्याची साखर उतरते आणि श्वास आणखी बिघडतो. डोक्याला टोपी घालून बाळाला आईच्या किंवा घरातल्या कुणाच्याही उघड्या छातीशी धरावे व वरून पांघरूण घ्यावे. प्रवासात याहून चांगली पेटी नाही. बाळाचे तोंड-नाक पांघरुणाखाली दबलेले नाही ना, हे सारखे पाहत राहावे. बाळ नीट ओढत असेल तर पाजावे, धाप जोरात असेल तर तोंडावाटे काही देऊ नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि निघतानाच जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशू कक्षाला दूरध्वनी करावा. जननी शिशू सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात आजारी बाळाचे उपचार, औषधे, तपासण्या आणि जाण्या-येण्याचे वाहन मोफत आहे. हे घरच्यांना बाळंतपणाच्या आधीच सांगून ठेवा, म्हणजे खर्चाच्या धास्तीने कोणी अडून बसणार नाही.

प्रश्न : तीन आठवड्यांच्या बाळाचे नाक चोंदलेले असते, त्यामुळे नीट पिता येत नाही. आजेसासूबाई नाकात तेलाचे थेंब सोडतात आणि आंघोळीनंतर ओवा-बाळंतशेपाची धुरी देतात. हे चालेल का?
— एक आई, पुणे

उत्तर : दोन्ही थांबवावे. बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेते, त्यामुळे नाक चोंदले की त्याला दूध ओढणे जड जाते, हे तुमचे निरीक्षण बरोबर आहे. परंतु नाकात सोडलेले तेल श्वासाबरोबर फुप्फुसात उतरते, तेथून ते सहजी निघत नाही आणि त्याचा न्यूमोनिया होऊ शकतो. धुराने नाकाचे अस्तर आणखी सुजते. औषधांच्या दुकानात मिळणारे मिठाच्या पाण्याचे साधे थेंब, पाजण्याच्या थोडे आधी प्रत्येक नाकपुडीत एक-दोन सोडावेत. मोठ्यांचे सर्दीचे थेंब किंवा बाम वापरू नयेत. आजेसासूबाईंना अंगाला तेल लावून मालीश करू द्यावे. त्यात हानी नाही आणि त्यांचा हात बाळाला हवाच आहे.

प्रश्न : एक महिन्याचा मुलगा श्वास आत घेताना घरघर असा आवाज करतो. रडताना आणि उताणा निजल्यावर आवाज वाढतो. वजन चांगले वाढत आहे. हा बाळदमा आहे का?
— एक वडील, म्हापसा

उत्तर : बाळदमा नसावा, दम्याचा आवाज श्वास सोडताना येतो. या वयात श्वास आत घेताना येणाऱ्या आवाजाचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे स्वरयंत्रावरचा भाग मऊ असणे. तो श्वासाबरोबर आत ओढला जातो. बहुतेक मुलांत वयाच्या साधारण दीड वर्षापर्यंत हा आवाज आपोआप जातो आणि त्यावर कोणतेही औषध लागत नाही. तरीही बालरोगतज्ज्ञांना एकदा प्रत्यक्ष दाखवा आणि आवाज येत असतानाचे चित्रीकरण मोबाइलवर करून न्या, कारण तपासणीच्या वेळी बाळ नेमके शांत झोपलेले असते. वजन वाढणे थांबले, पिताना ठसका लागू लागला, गळ्याखालचा खळगा खोल ओढला जाऊ लागला किंवा रंग बदलला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने स्वरयंत्राची तपासणी करून घ्यावी लागेल. तोवर वाफारा, नेब्युलायझर किंवा कफाचे औषध यांपैकी काहीही देऊ नका.